वरातीतली उघडी गाडी

पुतण्याच्या वरातीला देवपुरात जुनी, उघडी अमेरिकन गाडी आणली होती. नवरदेव मागे, ड्रायव्हरशेजारी मी. ड्रायव्हरने चपला काढल्या आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला. बंपरपासून हातभर अंतरावर बायका नाचत होत्या, त्यांत माझी मुलगीही. तो सारखा हात हलवून त्यांना पुढे सरकायला सांगत होता, पण बँडपुढे कोण बघतंय.

"डिझेल इंजन नवं बसाडेल शे, नाना," तो हळूच म्हणाला. "पन बिरेक जुनाच शे."

मग त्याने सीटखालून, चाकाखाली टाकायचा लाकडी ठोकळा काढला आणि माझ्या हातात दिला.

मी खाली उतरलो आणि उरलेली अख्खी वरात पुढच्या चाकाला चिकटून चाललो. फोटोत सगळे नवरदेवाकडे बघताहेत. मी चाकाकडे, आणि ड्रायव्हर माझ्या हातातल्या ठोकळ्याकडे.