खिशातला रोटर

आमच्या अंगणातली काळी अ‍ॅम्बेसेडर मूळची मोठ्या भावाची. त्याच्या गोठ्यात ती गंजत पडली होती. निवृत्तीनंतर मी ती घरी आणली आणि स्वतः खपून पुन्हा उभी केली. दसऱ्याला तिला हार घालताना शेजारी अजून म्हणतात, "भावासाठी केलं यानं." हे खोटं आहे.

दादाला ती घेऊन एकदा बाभुळगावला बहिणीकडे जायचं होतं. वाटेत गिट्टी उडते, आणि मला नव्या रंगाची काळजी. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून तो येणार असला की मी डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात ठेवायचो. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय इंजिन चालू होत नाही.

दादा चावी फिरवायचा. स्टार्टर नुसताच घरघरायचा.

"काहून रे, आजही नाही?"

"सामान नागपूरहून यायचं आहे, दादा."

"राहू दे. माह्यासारखीच बुढी झाली ते. तू मनाले लावून घेऊ नको, लय केलं तू."

तो एसटीनंच जात राहिला. मग एक दिवस दादाच गेला.

तेरवीनंतर बहिणीला सोडायला मी गाडी काढली. पहिल्याच चावीला चालू झाली. वाटेत ती म्हणाली, "दादा म्हणे, हे काही चालू होत नाही. आज पाहाले पाहिजे होता."

समोरून ट्रक येत होता. रंगाला ओरखडा नको म्हणून मी गाडी बाजूला घेतली.