उसनी सायकल

यासुए काजितानी यांच्यावर मी काही लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. एकतीस वर्षं आमच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती, एवढंच. त्यांचं माहेर समुद्रापलीकडच्या बेटावर होतं, हे मला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी कळलं. वस्तीच्या मंडळाने शेजारी म्हणून मला एक पान लिहायला सांगितलं आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

यजमान गेले तेव्हा यासुएसान एकोणऐंशीच्या होत्या. गाडी यजमानच चालवायचे, त्यामुळे ती विकली. बस दिवसातून दोनदा येते. बाजार आणि दवाखाना नदीच्या बांधावरून तीन किलोमीटर. त्यांची मुलगी मिहोको ओसाकाला असते. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला ती आली आणि आईला तिने सरळ सांगितलं, की सप्टेंबरअखेर वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहायला येईन, तोवर बाजार आणि दवाखाना तुझा तुला जमत असेल तर इथे राहा, नाहीतर नव्या वर्षाला ओसाका. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. यासुएसान काय म्हणाल्या ते मात्र ऐकू आलं नाही.

त्याच मुक्कामात मिहोकोने मागची खोपटी साफ केली. तिथे वीस इंची चाकांची एक लाल सायकल एकोणीस वर्षं टांगलेली होती, पुढे तारेची टोपली असलेली, बायका बाजाराला न्यायच्या तसली. मिहोकोने नगरपालिकेला फोन करून मोठ्या कचऱ्याच्या गाडीची तारीख घेतली, दुकानातून कचरा नेण्याचे पैसे भरल्याचा स्टिकर आणला, सीटखालच्या दांड्यावर चिकटवला आणि ओसाकाची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यासुएसाननी ती सायकल अंगणात जुन्या वर्तमानपत्रांवर उलटी केली.

तीन आठवडे मी ते काम पाहत होतो. चुरगळलेला अ‍ॅल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून त्या रिमचा गंज घासायच्या. एकेक आरा पुसायच्या. चाकांचे छर्रे केरोसीनमध्ये धुऊन बशीत मोजून ठेवायच्या. डाव्या पेडलची दांडी धरून ठेवणारी कॉटर पिन गंजून बसली होती. तीन दिवस तिला तेल पाजलं, मग खाली लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मारली. न राहवून मी म्हणालो, द्या इकडे, मी काढतो.

"तोकुनागासान, तुमची हातोडी मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कुंपणातला तो खिळा अजून बाकदारच आहे."

पिन त्यांनीच काढली. नवी मिळेपर्यंत पेडल आणि दांडी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मडगार्ड रंगवले. अंगणात ऊन येत नाही म्हणून सायकल गल्लीत, फाटकाबाहेर उभी केली. सीटखालचा दांडा शेवटी रंगवायचा होता, म्हणून स्टिकर तसाच होता. आणि मुलीने घेतलेली तारीख नेमकी त्याच दिवसाची होती. यासुएसानना ती आठवली नाही.

साडेआठला कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी माझ्या फाटकात होतो. दोघं उतरले, त्यांनी स्टिकर वाचला आणि सायकल उचलली. ओला रंग उन्हात चमकलेला मला दिसला. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या कचऱ्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. मला वाटलं, शेवटी मुलीचंच चाललं. मी त्या माणसांना वाकून नमस्कार केला आणि आत आलो.

पाव तासाने यासुएसान माझ्या दारात उभ्या होत्या. एरवी त्या फक्त मंडळाची घरोघर फिरणारी सूचनांची फळी पुढे द्यायला यायच्या.

"सायकल?"

"गाडी घेऊन गेली."

"तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"आणि?"

मी माझा छोटा टेम्पो काढला. सगळी वाट त्या मांडीवर पर्स धरून समोर बघत होत्या.

नगरपालिकेच्या कचरा केंद्रातला माणूस तिशीचा होता, फार अदबीचा. त्याने पुन्हा पुन्हा माफी मागितली, पण स्टिकर लावून आलेली वस्तू शहराची होते, ती कोणाला परत देता येत नाही, असंच तो सांगत राहिला.

"अहो, तिचं डावं पेडल माझ्या स्वयंपाकघरात आहे," यासुएसान म्हणाल्या.

"आजी, मला कळतंय हो. पण आज तुम्हाला दिली तर उद्या कोणाला नाही म्हणू?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. तो माणूस सायकलजवळ जाऊन बसला. घासलेल्या रिमवरून त्याने बोट फिरवलं. मग म्हणाला, की चालण्यासारख्या सायकली दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथे सोडत काढून लोकांना देतात. एका पेडलची सायकल खरं तर त्यात बसत नाही. एवढं म्हणून त्याने ती उचलली आणि त्या रांगेत नेऊन ठेवली.

रविवारी यासुएसाननी त्या सायकलसमोरच्या पेटीत आपल्या नावाचा कागद टाकला. त्यांची पाठ वळल्यावर मीही माझ्या नावाचा टाकला. दोन नावांनी संधी वाढेल, एवढाच माझा हिशेब. एका पेडलच्या सायकलसाठी तिसरं कोणी नाव देणार नाही, हे डोक्यात यायला हवं होतं. पेटीतून दोनच कागद निघाले आणि नाव माझं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अभिनंदन," यासुएसान म्हणाल्या.

मी म्हणालो, ती तुमचीच आहे, घेऊन जा. त्या नाही म्हणाल्या. सोडतीत लागलेली वस्तू अशी फुकट घेतली तर त्याची परतफेड करता करता उरलेलं आयुष्य जाईल, म्हणाल्या. मग त्यांनीच वाट काढली.

"उसनी देता का? देत असाल तर नेते."

आमच्याकडे प्रत्येक सायकलची पोलिसांकडे नोंदणी लागते, ती तिथेच माझ्या नावावर झाली. आठवड्याभरात पेडल बसलं. मिहोको आली, तेव्हा आई बांधावरून सायकलवर पुढे आणि ती भाड्याच्या गाडीत हळूहळू मागे, अशा दोघी बाजारात जाऊन आल्या. टोपलीत कांद्याची पात आणि टोफू होता. संध्याकाळी मिहोको भिंतीपाशी आली.

"तोकुनागाकाका, आई पडली तर?"

"मी बघतो," मी म्हणालो. मग वाटलं, बघणं पुरेसं नाही. "आणि या वेळी बोलेन."

तिने वाकून नमस्कार केला. ओसाकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

चार वर्षं त्यांनी ती उसनी सायकल चालवली. एकदा हवालदाराने नोंदणी तपासली आणि म्हणाला, ही तर दुसऱ्याच्या नावावर आहे. "शेजाऱ्यांची आहे, उसनी," त्यांनी शांतपणे सांगितलं. तो मला विचारायला आला, तेव्हा मीही तेच सांगितलं. दर नव्या वर्षाला त्या दारात येऊन वाकायच्या आणि अजून थोडे दिवस वापरते म्हणून सांगायच्या. त्या एकदाही पडल्या नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही.

गेल्या नोव्हेंबरात त्या गेल्या. आपल्याच घरात, झोपेत. त्याच्या चार दिवस आधी, सकाळी, त्या सायकल घेऊन फाटकाबाहेर निघत होत्या आणि मी पानं झाडत होतो.

"आज वारा फार आहे," त्या म्हणाल्या.

"येताना पाठीवर असेल," मी म्हणालो.

"हो, तेही आहे. येते मी."

"या."