आधी जीभ

"आधी जीभ." नमस्कार नंतर.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या डॉक्टरांची गाठ पडली की पहिलं वाक्य हेच. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला, हातात अक्षता असताना, मांडवातच जीभ काढायला लावली. मामा गिरणीत जॉबर, खात्यातल्या माणसांना दम देणारा. पण त्यानं मुकाट्यानं काढली. "सुपारी कमी करा," डॉक्टर म्हणाले, आणि मग अक्षता टाकल्या. पेठेतल्या पोरांना तर इतकी सवय झाली होती, की दवाखान्यावरून जाताना ती आपणहून जीभ दाखवून पुढं जायची. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. पण आमच्यासारखा नसेल, हे मी आजही पैजेवर सांगेन.

पोट हा त्यांचा विषय. विलायतेहून बोटीनं येणारं वैद्यकीचं मासिक ते दवाखान्यापुढच्या बाकावर बसून, पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे. मी तेलाच्या घाण्यावर वाढलेला, आमच्या घराण्यातला पहिला बी. ए.; म्हणून मला मान. "ग्रॅज्युएट, वाचा हे." मी वाचायचो, अक्षर कळायचं नाही.

"कळलं?"

"नाही."

"मलाही दोनदा वाचावं लागलं," म्हणायचे आणि सगळं उलगडून सांगायचे. जगात नवं काय सापडलं ते आपल्या गल्लीतल्या बाकावर बसून ऐकायचं, याचा मला केवढा तोरा होता.

मग आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, संग्रहणी लागली. खाल्लेलं अंगी लागेना, अंग पांढरंफटक पडलं, जीभ सोलल्यासारखी लाल. शेंगाच्या चटणीवाचून जिचा घास उतरत नसे, ती नुसत्या दूधभातानं कळवळायची. काढे झाले, पुड्या झाल्या. शेवटी डॉक्टर आले, तर तिनं पदर तोंडावर ओढला. परक्या पुरुषाला जीभ दाखवायची कशी?

डॉक्टर भिंतीकडं तोंड करून बसले. "अव्वा, सावकाश होऊ द्या. मला घाई नाही."

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बघा."

बघून ते बाहेर आले, हात धुतले. म्हणाले, "अशा पांढरेपणावर हल्ली कलेजी खायला देतात. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालायला लागलीत."

आमचं घर लिंगायताचं. उंबऱ्याच्या आत कधी अंड्याचं टरफल आलं नव्हतं. अव्वा एवढंच म्हणाली, "त्यापरीस मेल्यालं बरं." आणि ती म्हणेल तसं करणारी बाई होती.

अप्पांनी, माझ्या वडिलांनी, डॉक्टरांना बाजूला घेतलं. "भाजीत मिसळून घाला की. तिला कुटं कळतंय?"

"आज नाही कळणार. पण उद्या कळलं, तर ती माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही. आणि तिचं बरोबर असेल."

"मग मरू द्यायचं व्हय तिला?"

"मरू नाही द्यायचं. वाचत बसायचं."

अप्पा त्या दिवशी त्यांना लई बोलले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि बाकावर जाऊन मासिकं उघडली. जुनी, नवी, सगळी. अव्वा रोज थोडी थोडी विझत होती. मी शाळेत शिकवून परतताना लांबूनच त्यांच्या तोंडाकडं बघायचो. एके दिवशी त्यांनी हात वर केला. मासिकात आलं होतं, मुंबईतच काम चाललं होतं: गिरणीतल्या गरोदर बायकांचा पांढरेपणा एका अर्कानं हटत होता, आणि त्यात मांसाचा कण नव्हता.

रेल्वे पार्सलनं बरणी आली. आत काकवीसारखा काळा, घट्ट, खारट लगदा. अव्वानं वास घेतला आणि गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "ह्यात जीव हाय का?"

अप्पा डॉक्टरांकडं डोळे वटारून बघत होते. 'नाही' म्हणायचं, की काम झालं.

"होता," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याला न दिसणारा. दारू आंबवतात तिथल्या फेसात तो असतो, यीस्ट म्हणतात; त्याचं हे केलंय."

अप्पांनी कपाळाला हात लावला. अव्वानं बरणी लांब सारली.

डॉक्टर उठून गेले. मला वाटलं, संपलं. तर ते दवाखान्यातलं सूक्ष्मदर्शक यंत्र कडेवर पोर घ्यावं तसं घेऊन आले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. ज्वारीचं पीठ आंबत घातलेलं मडकं कोपऱ्यात होतं. त्यातला थेंब त्यांनी काचेवर घेतला, यंत्र खिडकीतल्या उन्हात ठेवलं. "अव्वा, बघा."

मी आणि अप्पांनी तिला धरून बसवलं. एक डोळा मिटायला तिला जमेना, मग अप्पांनी त्या डोळ्यावर तळहात धरला.

"बारीक मणी हायती," ती म्हणाली. "मण्याला मणी फुटलाय."

"तोच तो. तुमच्या आंबिलीतला."

"माज्या आंबिलीत?"

"पिढ्यान् पिढ्या. आंबिलीत चिमूटभर, बरणीत घट्ट करून भरलाय, एवढाच फरक."

तिनं पुन्हा वाकून बघितलं. "म्हंजे आमच्या सासूबाईनं बी खाल्लं म्हणायचं."

"रोज खाल्लं."

"त्यांचं सोवळं लई कडक हुतं," अव्वा म्हणाली, आणि हात पुढं केला. "द्या."

गुण हळूहळू आला. आधी जिभेची आग गेली, मग पोट थाऱ्यावर आलं. एके सकाळी ती अप्पांना म्हणाली, "भाकरीसंगं चटणी न्हाय व्हय?" अप्पा बाहेर जाऊन उगीचच घाण्याच्या बैलाला थोपटत बसले. डॉक्टरांनी त्या दिवशी आमच्याकडं चटणी-भाकरी खाल्ली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढं पेठेतल्या कितीतरी बायका, अव्वानं सांगितलं म्हणून, काही न विचारता त्या बरणीतलं चाटायच्या.

डॉक्टर गेले. त्यांच्या दवाखान्यात आता चादरींचं दुकान आहे. परवा अव्वाबरोबर बाजारातून येत होतो. दुकानापाशी ती थांबली, पदर सावरला आणि आतल्या भिंतीकडं बघून, जिथं त्यांची खुर्ची असायची तिथं, जीभ बाहेर काढली.

गादीवरचा दुकानदार चपापून उभा राहिला.

"तू बस," अव्वा म्हणाली. "तुला न्हाय दाखवली."