हळू दात

वर्कशॉपमधल्या किश्शांचं ग्रीससारखं असतं. साबणानं हात कितीही घासा, नखात थोडं राहतंच! बुलढाण्यात श्रावण मिस्त्रींच्या मोटार वर्कशॉपात मी कामाला होतो, त्या दिवसांचं असंच बरंच नखात राहून गेलंय.

आम्ही सगळे एका गाडीपायी वेडे झालो होतो. गाडी दादासाहेबांची. साखरखेर्ड्याकडे त्यांची मोठी शेती आणि बुलढाण्यात बंगला. दर पाडव्याला सकाळी मोताळ्याहून निघून, राजूर घाट चढून, बुलढाण्यापर्यंत शर्यत लागायची. एक गाडी दादासाहेबांची, दुसरी खामगावच्या शेठजींची. दोनच गाड्या, त्यामुळे दुसरा नंबर आमचा ठरलेला!

शर्यतीआधी वर्षभर वाद दोनच: टायर केवढे आणि दात कोणते. दात म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकं. एक जोडी बसवली की गाडी सपाटीवर सुसाट जायची, पण चढाला धापा टाकायची. दुसरी जोडी चढाला बरी, पण सपाटीवर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी रांगायची. पहिला पळता दात, दुसरा हळू दात. हळू दात तेल लावून डब्यात पडलेला असायचा. शर्यतीच्या गाडीला तो बसवावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही!

*

एकदा दात बदलायचं काम निघालं. दादासाहेबांनी गड्याबरोबर घरी निरोप धाडला, "आज मागचे दात काढून राह्यलो, जेवाले उशीर होईल."

तासाभरात गडी परत. डब्यात मऊ भात, वर तूप, आणि सोबत लवंगेच्या तेलाची बाटली! बाईसाहेबांना वाटलं, यांच्याच तोंडातले दात निघतायत.

आम्ही पोट धरून हसलो. दादासाहेब मात्र मांडी घालून बसले आणि मऊ भात शेवटच्या शितापर्यंत जेवले. वर गालाला लवंगेचं तेलही लावलं.

श्रावण मिस्त्री म्हणाले, "दादासाहेब, तुमचे दात तं शाबूत हायेत!"

"तिनं पाठोलं ना? मंग दुखलंच पाह्यजे!"

त्या दिवसापासून बाईसाहेबांना गाडीचे दात कळायला लागले. कोणता पळता, कोणता हळू, सगळं त्यांनी दादासाहेबांना विचारून घेतलं.

*

टायर जेवढा मोठा, तेवढी एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे. हे दादासाहेबांना फारच पटलं. त्यांनी मुंबईहून असले दांडगे टायर मागवले की पुढची चाकं वळवली की मडगार्डला घासायची. गाडी सरळ मात्र झकास जायची!

ट्रायलला मोताळ्यापर्यंत गेलो. बाजाराचा दिवस, रस्ता भरलेला, आणि गाडी काही वळेना. मग काय, सरळ मलकापूर! तिथं स्टेशनासमोर मोकळी जागा होती, तिथं एकदाची वळवली.

घरी बाईसाहेबांनी विचारलं, "मलकापूरले काऊन गेले होते?"

दादासाहेब म्हणाले, "घड्याळ स्टेशनच्या टायमाशी मिळवाले."

घड्याळ घरी खुंटीला टांगलेलं होतं!

*

शेठजींच्या चाकाचं माप मिळवायला दसऱ्याला श्रावण मिस्त्री स्वतः खामगावला गेले. हातात झेंडूचा हार. दसऱ्याला गाडीची पूजा करणाऱ्याला कोण अडवणार? त्यांनी चाकाच्या माथ्यावरून हार जमिनीपर्यंत सोडला आणि तिथं बरोब्बर दोरा तोडला.

तेवढ्यात शेठजी आले. "काय करून राह्यले, मिस्त्री?"

"हार लांब झाला होता जी!"

शेठजींनी खुश होऊन पेढा दिला. मिस्त्री हार खिशात घालून ऐटीत परतले, वर्कशॉपच्या बाकावर ठेवला आणि फूटपट्टी आणायला आत गेले. बाहेर आले तर शेजारची शेळी शेवटचं फूल चावत उभी!

मिस्त्री माझ्यावर ओरडले, "किसन, आता हिचं पोट मोज बे!"

*

पुढच्या पाडव्याला घाटात आमची गाडी उकळली, वाफेनं पुढचं दिसेना आणि एका वळणावर ती दगडाला धडकली. दादासाहेब कपाळाला पट्टी बांधून घरी आले. बाईसाहेब चार दिवस देवापुढून उठल्या नाहीत, एवढं गडी सांगत होता.

दादासाहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं, "येत्या पाडव्याले हारलो तं गाडी इकून टाकीन!"

श्रावण मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्या गाडीचा एकेक स्क्रू त्यांच्या हातचा. माझाही जीव त्या गाडीत गुंतला होता, खोटं कशाला बोलू?

वर्ष सरलं. पाडव्याच्या आदल्या दुपारी दारात टांगा थांबला. बाईसाहेब उतरल्या. त्या वर्कशॉपात कधीच येत नसत.

"मिस्त्री, थो हळू दात बसवून द्या."

"बाईसाहेब, हारतील मंग. गाडी जाईल."

"जाऊ द्या. मानूस घरी येऊ द्या."

मिस्त्रींनी पाना उचलला. मग म्हणाले, "किसन, थो डबा आन."

दात बसवताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. गालावर ग्रीस तसंच राहिलं.

सकाळी मी दादासाहेबांच्या शेजारी बसलो होतो. मोताळा सुटताच त्यांना कळलं. इंजिन किंचाळतंय, गाडी रांगतेय, आणि शेठजींची धूळ लांब चाललीय! "कोनं दात बदलला बे? श्रावन्याले पाहून घेतो!" राजूर येईपर्यंत ते शिव्या देत होते.

घाट लागला आणि शिव्या थांबल्या. आमची गाडी त्याच चालीनं, न थांबता, वर चालली होती. शेठजींनी यंदा आणखी मोठे टायर चढवले होते, ते चढाला इंजिनाला झेपेनात. तिसऱ्या वळणावर त्यांची गाडी वाफ सोडत उभी होती आणि शेठजी टोपीनं वारा घालत होते. दादासाहेबांनी जाताना रामराम केला!

वर बुलढाण्यात माणसांची ही गर्दी! दादासाहेब उतरले, कुणीतरी हातात दिलेला जिंकल्याचा कप घेऊन थेट मिस्त्रींकडे आले. "दात कोनं बदलला?"

मिस्त्रींनी नुसतं टांग्याकडे पाहिलं. टांग्यात बाईसाहेब बसलेल्या, मांडीवर पट्ट्या आणि लवंगेच्या तेलाची बाटली. दादासाहेब हळूहळू तिकडे गेले, कप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बाटली उचलून खिशात घातली. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

गाडी अर्थातच विकली गेली नाही.

पुढच्या वर्षी पाडवा जवळ आला आणि टांगा पुन्हा दारात थांबला. बाईसाहेबांच्या हातात लाडवांचा डबा होता. मिस्त्री लगबगीनं उठले.

डबा त्यांच्या हातात देत बाईसाहेब म्हणाल्या, "मिस्त्री, यंदा याच्यापेक्षाही हळू दात भेटत नाही का हो?"