न झाडलेलं वर्ष

कोरगावच्या एका बागायतदार मावशीवर मी पहिल्याच दिवशी चिडले, हे आधीच कबूल करते. मातीवरच्या संशोधनासाठी मला तिच्या दोन बागा हव्या होत्या. एकीत नुसते काजू, दुसरीत काजूबरोबर फणस, कोकम, जांभूळ, जे रुजलं ते. माती घ्यायला पिशव्या घेऊन पोचले, तर दोन्हीकडे झाडांखालची जमीन अंगणासारखी लख्ख. पाचोळा नाही, काडी नाही.

"तू येतलंस म्हणान काल सगळा झाडून काढलंय गो बाय," मावशी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. पाचोळा कुजतो तिथेच मातीतली एन्झाइमं कामाला लागलेली असतात. तोच गेला तर मोजायचं काय? मी तिला तसं फाडकन सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती दीस झाडूचा नाय?"

वर्षभर, मी म्हणाले.

"बरा."

मी काय मागते आहे हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात हंगामाआधी काजूंखालचं साफ करतात, म्हणजे पडलेली बोंडं चटकन दिसतात. त्यात मावशीच्या बागेची स्वच्छता वाडीत नावाजलेली. त्या वर्षी तिने पाचोळ्यात हात घालून एकेक बी शोधली. 'म्हातारी आता आळसावली' हे शेजारणींचं बोलणं रोज कानावर यायचं, तरी खराट्याला हात लावला नाही. मला हे तिच्या सुनेकडून समजलं. माझ्याच प्रबंधासाठी मी स्वतः इतकं काही सोसलं नव्हतं. लाज वाटली, आणि त्या बाईविषयी फार आदर.

वर्षाने घेतलेल्या मातीत मी चाचणीचं रसायन घातलं. एन्झाइमं जितकी कामसू, तितका रंग लाल. नुसत्या काजूंची नळी फिकट गुलाबी झाली, मिश्र बागेची कोकमाच्या आगळासारखी गडद. फोटो काढून मी थेट कोरगाव गाठलं. मावशीने मोबाइल डोळ्यांजवळ धरून दोन्ही नळ्या नीट बघितल्या, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल."

त्या दुपारी आम्ही शेजारची पाच घरं फिरलो. प्रत्येक घराच्या बलकावात, दारापुढच्या बैठकीवर बसून मी फोटो दाखवायचा, रंगाचा अर्थ समजावायचा, पाचोळा वर्षभर का राखला तेही सांगायचं. निघताना मावशीचं सगळीकडे एकच वाक्य, अगदी सावकाश:

"ह्या काय आळसान झाला नाय."