चालू पेटीला कुंकू

गोखिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात साचे बनतात. बादलीचा साचा, झाकणाचा साचा. मी तिथला सगळ्यांत जुना माणूस. शाळा चौथीतच सुटली, पण खंडेनवमीला यंत्रं बंद करून त्यांना हळदकुंकू लावायचा मान माझा, आणि तो मी कोणाला देत नाही.

माझी सून तिथेच कॉम्प्युटरचं काम बघते. शेठनी तिला घेतलं ते माझ्या शब्दावर. साच्यांची सगळी ड्रॉइंगं, शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनची, मागच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीत असतात. पेटी म्हणजे नुसत्या डिस्का. आणि त्या वापरणारा सर्व्हर पुढच्या खोलीत.

त्या नवमीला सून म्हणाली, "बाबा, आधी मी सर्व्हर बंद करते. पेटीला हात लावू नका."

आता आमच्या घरी पूजा कणगीपासून सुरू होते. साठा तो पहिला, अवजारं मग. आणि चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही, हा माझा नियम. ती पुढे सर्व्हरपाशी बसली असताना मी मागे गेलो आणि पेटीचं बटण बंद केलं.

पुढून ओरडणं आलं. "पेटी कोणी बंद केली?"

"मी. देवाच्या कामाला कोनाची परवानगी लागते?"

"अहो बाबा, सर्व्हर तिच्यात लिहीत होता अजून!"

पेटी पुन्हा लावली, तर ड्रॉइंगांचा फोल्डर उघडेना. शेठ हातातला पेढा हातातच धरून बसले. ते मला लागलं.

सुनेने डिस्कची तपासणी लावली. ती चालू असताना मी विचारलं, "पेटी तिकडं, सर्व्हर इकडं. त्याला काय कळतं?"

"त्याला वाटतं, डिस्क माझ्याच पोटात आहे."

मी भिंतीच्या कडेने गेलेली निळी वायर बघितली. करंगळीएवढीसुद्धा जाड नाही. तिच्यातून दोन पिढ्यांचे साचे ये-जा करतात आणि त्या यंत्राला ते आपल्या पोटातले वाटतात! मी वायरीला हात लावून बघितला. ना गरम, ना थरथर. काहीच नाही. अंगावर काटा आला.

"आतापर्यंत डिस्क मी हाताने जोडायचे," सून म्हणाली. "आता त्यालाच शिकवून ठेवते. उठला की आधी नेटवर्कची वाट बघायची, मग पेटीला हाक द्यायची, तिने ओ दिली की डिस्क जोडायची. झोपताना उलटं. लिहिणं पुरं करायचं, डिस्क सोडायची, पेटीचा निरोप घ्यायचा, नेटवर्क शेवटी."

मी म्हटलं, "बैलगाडीच की! आधी माल उतरवायचा, मग बैल सोडायचे. बैल आधी सोडले तर गाडी उलाळ होते, जू वर आभाळाकडं."

"तुम्ही बैल आधी सोडलेत बाबा."

शेठ पहिल्यांदा हसले. मी नाही हसलो.

तपासणी संपली. फोल्डर उघडला. पण सून म्हणाली, एकदा सगळं बंद करून आपोआप उठतं का ते बघायलाच हवं. शेठ घाबरले. मी म्हटलं, "बटन मी दाबनार." माझ्या हातून बिघडलं, ते माझ्याच हातून उठायला हवं.

सुनेने सर्व्हरला बंद व्हायला सांगितलं. पडद्यावर ओळी सरसर पळाल्या. सर्व्हरने एकेक आवरलं, डिस्क सोडली आणि विझला. मग सुनेने पेटी बंद केली. पाच मिनिटांनी मी सर्व्हरचं बटण दाबलं. पेटी मात्र तिने मुद्दाम उशिरा लावली, तो वाट बघतो का ते बघायला.

सर्व्हर उठला आणि थांबला. पडद्यावर एकच ओळ. सून म्हणाली, "हाक देतोय." मागच्या खोलीत पंखे घुमले, पेटीवर एकेक हिरवा दिवा लागत गेला. मग ओळी पुन्हा पळाल्या. शेठनी स्वतः फोल्डर उघडला आणि सगळ्यात जुनं ड्रॉइंग काढलं. वडिलांनी कागदावर हाताने काढलेलं, मग कॉम्प्युटरवर उतरवलेलं, पाण्याच्या तांब्याच्या साच्याचं. रेघ न् रेघ जागेवर. त्यांनी पेढा तोंडात टाकला.

मी ताट घेऊन मागे गेलो. पेटी घुमत होती. बटणाकडे माझा हात गेला नाही. माझा नियम मीच मोडला, आणि चालू पेटीला कुंकू लावलं.