पांढऱ्या रानाची कुलूपबंद फाईल

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात घरातली पहिली पदवीधर मी. पुढे संशोधनासाठी मी गावातल्या उसाच्या रानांचे ड्रोनने फोटो काढले. कुठल्या रानात किती मीठ फुटलंय, ते त्यावरून कळायचं. कुणाचं रान क्षारपड निघालं हे बाहेर जाणार नाही, असा शब्द मी शेतकऱ्यांना आधीच दिला होता. विद्यापीठाला भीती परदेशी हॅकरची होती, गावाला भावकीची. रान बिघडल्याची कुणकुण लागली की पोराला आलेलं स्थळ परत जातं.

सगळ्यात जास्त मीठ आमच्याच रानात निघालं. ते मी आबांनाही सांगितलं नाही. आबा म्हणजे माझे वडील, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्या रानाबद्दल कुणी वाकडं बोललं, तर अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे.

दोन आठवड्यांसाठी मी नेदरलँड्सला गेले, तेव्हा सोबत फक्त फोटोंवरून काढलेले नकाशे नेले होते. तिथले प्राध्यापक म्हणाले, मूळ फोटो पाहिल्याशिवाय तुला शिष्यवृत्ती द्यायची की नाही, ते ठरवता येणार नाही. मूळ फोटो ऐंशी जीबीचे, डिस्कवर, घरी आबांच्या काळ्या ट्रंकेत. फाईलला कुलूप घातलेलं. वीस अक्षरांचा पासवर्ड बंद पाकिटात, त्याच ट्रंकेच्या दुसऱ्या कप्प्यात. डिस्क आणि पासवर्ड एकत्र बाहेर न्यायचे नाहीत, हे मी आबांना शिकवून आले होते.

घरच्या नेटवरून ती फाईल पाठवायची तर तोवर ऊस तुटून गेला असता. म्हणून आबा डिस्क घेऊन सांगलीला माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसात गेले. फाईल उघडण्याची सोय तिच्याकडे नव्हती. तरी आबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरशेजारी खुर्ची टाकून बसले. भाकरी तिथेच खाल्ली. ती चहाला उठली की आबाही उठून उभे राहायचे, असं तिने मला कळवलं.

फाईल पोचली. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांबरोबरच्या मीटिंगच्या तासभर आधी मी तिथल्या नंबरवरून घरी फोन लावला.

"आबा, पाकीट फोडा आणि आतली अक्षरं सांगा."

"कोण बोलतंय?"

"मी, तुमची लेक!"

"लेकीचा आवाज काढून कुणी बी फोन करंल, असं तीच सांगून गेलीया."

"मग व्हिडिओ लावते."

"तोंड बी बनवत्यात म्हणं. ते बी तिनंच सांगितलंय."

सुरक्षिततेचं व्याख्यान मी विद्यापीठात कितीतरी जणांना दिलं आहे. ते अक्षर न् अक्षर पाळणारा माणूस मला एकच भेटला. मला रडू यायला लागलं.

"रडू नगंस. एक इचारतो," आबा म्हणाले. "त्या फाईलीत सगळ्यात खराब रान कुणाचं हाय? ते फकस्त माज्या लेकीलाच ठावं."

मी शब्द दिलेला होता. पण ज्यांना दिला, त्यांतलेच एक मला विचारत होते.

"आपलं," मी म्हणाले.

मग ट्रंकेची कडी वाजली.

"बरुबर. घे लिहून. अल्फा. सात. ब्राव्हो..." वीसही अक्षरं त्यांनी वायरलेसवर द्यावीत तशी दिली, आणि मला ती परत म्हणायला लावली.

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"आगं, उन्हाळ्यात एस्टीतनं जाणाऱ्याला बी पांढरं दिसतंय. म्या काय आंधळा हाय व्हय? तू लपवतीयास, मग म्या बी गप बसलो. आता तितल्या मास्तरांना इचार, रानातलं खारट पानी भाईर काडायचं कसं."

फाईल उघडली. बाकीची रानं मी नुसत्या आकड्यांनी दाखवली. आमचं मात्र सगळ्यात आधी पडद्यावर लावलं आणि म्हणाले, हे माझ्या वडिलांचं. प्राध्यापकांनी मालकाची परवानगी आहे का, असं विचारलं. आहे, म्हटलं. आत्ताच फोनवर मिळाली.